पांढरी काठी, थरथरणारी मूठ की वाट दाखवणारा रोबो?

काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेली, तेव्हा भाचा म्हणाला, साधी काठी कशाला, सेन्सरवालीच घेऊ. तुमच्याही घरात हाच प्रश्न असेल, तर आम्हाला जे उमगलं ते सांगते.

साधी पांढरी काठी काही शे रुपयांत मिळते, तिची घडी होते, चार्जिंगची कटकट नाही. खड्डा, पायरी, फुटपाथची कड, उघडं गटार, सगळं पायाआधी तिच्या टोकाला कळतं. फरशी संपून डांबर लागलं, हे आईला टोकाच्या आवाजावरून समजू लागलं. तिची उणीव एकच, पण जबर आहे. कमरेच्या वरचं तिला कळत नाही. गल्लीत उभ्या टेम्पोच्या फाळक्याखालून काठी सरळ पुढे गेली आणि फाळका आईच्या छातीवर बसला.

नेमकी हीच उणीव भरायला आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने स्मार्टकेन तयार केली. 2014 मध्ये ती लोकांच्या हाती आली, तेव्हा किंमत साधारण 3,000 रुपये होती. हे यंत्र पांढऱ्या काठीच्याच मुठीला बसतं. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी ते पुढे सोडतं, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून गुडघ्याच्या वरचा अडथळा 3 मीटरपर्यंत ओळखतं आणि मूठ थरथरते. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. सूचना हातात येते, कान मोकळे राहतात, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. रस्ता ओलांडताना आईची सगळी भिस्त कानांवर असते. मंडईत मात्र मूठ सारखीच थरथरते आणि हात कंटाळतो. तिथे कमी पल्ल्यावर, म्हणजे फक्त जवळचेच अडथळे सांगेल अशी ठेवावी. खड्डा अजूनही काठीच्या टोकानेच शोधायचा. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या ॲडिप योजनेच्या शिबिरांतही स्मार्टकेन दिली जाते, चौकशी जरूर करा.

तिसरा पर्याय टोकियोचा. तिथल्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या संचालक चिएको असाकावा स्वतः अंध आहेत. त्यांच्या पुढाकाराने घडलेली एआय सूटकेस, म्हणजे चाकांच्या बॅगेसारखा रोबो, कॅमेरे नि सेन्सरांनी वाट काढत माणसाला नेते. वळायचं असेल तर दांड्याची ती बाजू थरथरते, हात सोडला की सूटकेस थांबते. काम फार सुंदर आहे. पण चाकांना बऱ्यापैकी सपाट जमीन लागते, आपल्या फुटपाथावर तिचं चालणार नाही. तिच्यासाठी आज निर्णय अडवू नका.

आधी छातीच्या हाडापर्यंत पोचेल अशी साधी काठी घ्या आणि मोबिलिटी शिक्षकाकडून, म्हणजे अंधांना काठीने वावरायला शिकवणाऱ्याकडून, चालणं शिकून घ्या. त्यानंतरही छातीला, डोक्याला ठोकरा बसत असतील, तर स्मार्टकेन घ्या. आणि मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील, तर आधी स्मार्टकेनची मूठ वापरणाऱ्याच्या हातात देऊन पाहा. जवळची थरथर नि लांबची थरथर वेगळी ओळखता येते का, विचारा. आईला चौथ्या खेपेला ओळखता आली, मगच आम्ही पैसे भरले.