ग्राको एक्स्टेंड-टू-फिट: सीट फिरवायची घाई नको असलेल्या आईबापांसाठी

ग्राकोची एक्स्टेंड-टू-फिट ही कार सीट आम्ही घेतली ती एकाच कारणासाठी. हिच्यात मूल ५० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतेवीस किलोचं होईपर्यंत, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसू शकतं. बऱ्याच कन्व्हर्टिबल सीटची, म्हणजे मागे किंवा पुढे अशा दोन्हीकडे तोंड करून बसवता येणाऱ्या सीटची, ही मर्यादा ४० पौंडांवर संपते. आमचा लेक पहिल्यापासून अंगाने भरलेला. सव्वातीन वर्षांचा आहे आणि वजन ३९ पौंड. दुसरी सीट घेतली असती तर आता लवकरच त्याला सरळ, म्हणजे पुढे तोंड करून, बसवावं लागलं असतं. या सीटमध्ये तो अजून निवांत उलटा बसतो.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेकाचा दुसरा वाढदिवस झाला आणि ओळखीतल्या प्रत्येकाने तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली, ‘अजून उलटाच बसतो का?’ सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. ‘अगं, किती अवघडून बसलंय लेकरू. पाय बघ कसे दुमडलेत त्याचे. पुढचं काही दिसतसुद्धा नाही त्याला.’ मी म्हटलं, ‘आई, घरी जेवायला बसतो तेव्हाही असाच मांडी घालून बसतो ना? त्याला सवयीचंच आहे ते.’ त्यांना पायांची काळजी होती आणि मला मानेची. पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं, मानेच्या दुखापतीला असा सोपा उपाय नाही.

हे मी त्यांना जसं समजावलं तसंच इथे सांगते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि जड असतं. मानेचे मणके तेव्हा पूर्ण हाडाचे झालेले नसतात, त्यांचे भाग मधल्या कूर्चेने जोडलेले असतात आणि ते जुळून यायला पुढची काही वर्षं जातात. गाडी समोरून आदळली आणि मूल सरळ बसलेलं असलं तर पट्टे धड धरून ठेवतात, पण डोकं जोरात पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मूल उलटं बसलेलं असलं तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी बसतात, आणि ही पद्धत आजकालची नव्हे. बर्टिल आल्डमन या स्वीडिश संशोधकाला १९६०च्या दशकात ही कल्पना सुचली ती अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर जोर घेऊन कसे बसतात ते पाहून.

‘दोन वर्षं झाली की फिरवायची’ हे इतकं पक्कं डोक्यात का बसलंय, त्यालाही कारण आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांचा आकडा दिला होता. २०१८ मध्ये त्यांनी तो काढला आणि सांगितलं की सीटच्या वजनाच्या किंवा उंचीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे जमेल तितका काळ, मूल उलटंच बसवा. न्यू जर्सीचा १ सप्टेंबर २०१५ पासूनचा कायदाही असाच आहे. दोन वर्षं आणि ३० पौंड हा त्यातला पहिला टप्पा, मूल या दोन्हीच्या आत असेल तोवर उलटंच बसवायचं. त्यापुढे मूल चार वर्षांपेक्षा लहान आणि ४० पौंडांपेक्षा हलकं असेल, तर उलट्या सीटची मर्यादा संपल्यावरच सरळ बसवायचं. म्हणजे सीट कधी फिरवायची ते वाढदिवसावर ठरत नाही. आपण कुठली सीट विकत घेतो त्यावर ते बरंचसं आधीच ठरून जातं. म्हणून दुकानात कापडाचा रंग नंतर बघा, आधी मूल किती वजनापर्यंत उलटं बसवता येतं तो खोक्यावरचा आकडा वाचा.

आता सीटविषयी. पायाशी एक सरकणारी फळी आहे, चार ठिकाणी थांबते आणि पायांना पाच इंचांपर्यंत जास्तीची जागा देते. सासूबाईंचं समाधान झालं ते त्या फळीमुळेच. ती बाहेर ओढल्यावर लेकाने पाय सरळ केले आणि ‘आजी, बघ’ म्हणाला. हेडरेस्ट वर केलं की खांद्याचे पट्टे आपोआप त्याच्याबरोबर वर सरकतात, ते सोडवून पुन्हा ओवत बसावं लागत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण उलट्या बसलेल्या मुलाचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत आणि सरळ बसलेल्याचे बरोबरीने किंवा वरून. मूल वाढत असताना हे पुन्हापुन्हा बघावं लागतं, आणि काम सोपं असलं तरच ते वेळेवर होतं. सीट जड आहे. एकदा बसवली की तिथेच ठेवायची, रोज या गाडीतून त्या गाडीत करायची वस्तू नाही ही.

जागा खाते हे मात्र खरं. फळी बाहेर काढलेली, सीट उलटी आणि गाडी आमची कोरोला. ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवली तर सहा फुटी नवऱ्याला गाडी चालवता येईना. दुसऱ्या बाजूला ठेवली आहे, तिथे पुढे मी बसते आणि मला पुरेशी जागा होते. मूल मोठं झालं की सीट थोडी उभी करता येते, तेवढीच पुढे जागा मोकळी होते. फक्त बाजूचा पातळी दाखवणारा गोळा नेमून दिलेल्या पट्ट्यात राहिला पाहिजे.

सीट बसवल्यावर आम्ही ती टाउनशिपच्या पोलिसांकडे तपासून घेतली. अशी मोफत तपासणी इथे बऱ्याच ठिकाणी होते आणि प्रशिक्षण घेतलेली माणसं ती करतात. आमच्या वेळच्या बाईंनी स्वतः हात न लावता सगळं माझ्याकडून करून घेतलं. गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून मग आत सोडायला लावला, तेव्हा टक्टक् आवाज करत तो आवळत गेला. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवायला सांगितली. तिथे ती इंचभरसुद्धा हलता कामा नये. वरून किंवा कडेने धरून हलवली तर थोडी हलणारच, त्यावरून ठरवायचं नाही. शेवटी लेकाला बसवून गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघायला लावला. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे. हिवाळ्यात जाड जॅकेट घालून मुलाला बांधायचं नाही हेही त्यांनीच बजावलं. आदळल्यावर जॅकेटचा फुगवटा दबतो आणि आवळलेला पट्टा सैल होतो. जानेवारीत आम्ही त्याला पातळ फ्लीसवर बांधतो आणि वरून पांघरूण घालतो.

मग आम्ही सीट फिरवणार कधी? वजन ५० पौंड होईल तेव्हा, किंवा डोक्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेली इंचभर मोकळी जागा उरणार नाही तेव्हा. यातलं आधी जे होईल ते. बहुतेक मुलांची आधी उंचीच संपते, म्हणून मी महिन्याच्या महिन्याला हात ठेवून बघते. फिरवल्यावर सीटच्या पाठीला वर असलेला टेदर पट्टा गाडीतल्या मागच्या हुकाला लावलाच पाहिजे. सेडानमध्ये ते हुक मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखालच्या फळीवर, छोट्या झाकणाखाली असतात. तो पट्टा डोकं पुढे जाण्याचं अंतर कमी करतो, आणि कित्येक गाड्यांत मी तो नुसताच लोंबकळताना बघते. बघून जीव वरखाली होतो.

पुण्यातली माझी मावसबहीण हीच सीट मागत होती. तिला मी तिथेच मिळणारी घे म्हटलं. इथल्या गाड्यांचे मागचे पट्टे जसे अडकून बसतात तसे तिथल्या बऱ्याच गाड्यांचे बसत नाहीत, मग सीट घट्ट राहायला वेगळी क्लिप लावावी लागते. तिथे सीटवर आर१२९ चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुलांच्या सीटसाठीच्या सुरक्षा नियमाचा, शिक्का शोधावा. त्या नियमात १५ महिन्यांच्या आत सरळ बसवायला परवानगीच नाही. १५ महिने ही किमान मर्यादा आहे, तेवढ्यावर थांबायची गरज नाही. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीही ठेवायची नाही, कुठल्याच देशात. ‘मांडीवर घेते ना मी’ असं म्हणणाऱ्या घरातल्या मोठ्यांना हेही सांगा की २०१९ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट न लावता नेल्यास १००० रुपये दंड आहे.

दोनशे डॉलरच्या आसपास खर्च आला आणि मला तो पूर्ण पटला. मूल अंगाने किंवा उंचीने मोठं असेल तर ही सीट जरूर घ्या. मागच्या सीटवर तीन मुलं शेजारीशेजारी बसवायची असतील तर रुंदी आधी मोजून घ्या. गाडी लहान असेल तर दुकानात विचारून नमुन्याची सीट गाडीत ठेवून बघा, आणि पुढे जो सगळ्यात उंच माणूस बसणार असेल त्यालाही बरोबर न्या.