सागवानाच्या नावाखाली गळ्यात पडलेले रॉड-स्टँड

मी पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावरील एका गावात राहतो आणि मासेमारीचे रॉड स्वतः बांधतो. कोऱ्या ब्लँकवर (रॉडच्या नुसत्या दांड्यावर) गाइड, म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या, दोऱ्याने गुंडाळून त्या दोऱ्यावर इपॉक्सी (हळूहळू कडक होणारे पातळ चिकट रसायन) लावली की ती घट्ट होईपर्यंत रॉड मोटरीवर कित्येक तास संथ फिरत ठेवावा लागतो. त्यामुळे ज्या स्टँडवर तो टेकतो त्यांच्या खाचा मोटरीच्या चकशी, म्हणजे रॉड पकडणाऱ्या तोंडाशी, एका रेषेत असणे अत्यावश्यक असते.

असे तीन स्टँड मी उन्हाळ्यात एका बाजारगावच्या फर्निचरवाल्याकडून करून घेतले. "भाऊ, पक्कं सागवान आहे, नातवालेही पुरन," या त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मी २,८०० रुपये आगाऊ मोजले आणि बिल मागितले नाही. ही माझी मोठी चूक झाली.

पावसाळा लागताच मधला स्टँड पिळला. एका रात्री रॉड खाचेतून निसटून फिरायचा थांबला आणि सकाळी पाहतो तर प्रत्येक गाइडच्या खालच्या अंगाला इपॉक्सीचा एकेक टपोरा थेंब गोठलेला होता. तो सगळा दोरा मला ब्लेडने कापून काढावा लागला, त्यात ब्लँकवरही ओरखडे आले. मग स्टँड उलटा करून बुडाशी चाकूने खरवडले, तेव्हा पॉलिशच्या पातळ थराखाली पांढरे, ओलसर लाकूड निघाले. सागाचा गाभा आतपर्यंत सोनेरी-तपकिरी असतो आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो. इथे दोन्हीचा मागमूस नव्हता. खाचेतील फेल्ट (जाड मऊ कापड) म्हणून चिकटवलेली पट्टीसुद्धा रंगवलेल्या पुठ्ठ्याची होती.

विक्रेत्याने आधी टोलवाटोलवी केली, नंतर फोन उचलणे बंद केले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोललो, तेव्हा पहिली विचारणा बिलाची झाली आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

म्हणून कळकळीने सांगतो, पॉलिश करण्याआधी लाकूड डोळ्यांनी पाहा, बूड खरवडून घ्या, आपला ब्लँक सोबत नेऊन तिन्ही खाचांवर फिरवून पाहा आणि पक्के बिल हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मी आता पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी चौकटीतून स्टँड कापून घेतले आहेत. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने अख्ख्या पावसाळ्यात त्यांच्या खाचा ताणलेल्या दोरीच्या रेषेतून हललेल्या नाहीत.