मॉडिफाइड इंजिन सेल्फला अडतंय: आधी पाना की आधी लॅपटॉप?

चढा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), मोठे इंजेक्टर आणि स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, हवा तसा प्रोग्राम करता येणारा इंजिन कॉम्प्युटर) बसवलेलं पेट्रोल इंजिन रस्त्यावर झकास पळतं, पण सकाळी किंवा पंपावर थांबल्यावर सेल्फ मारत बसावं लागतं. मग प्रश्न येतो पैशाचा: मेकॅनिककडून पार्ट बदलून घ्यायचे की ट्यूनरकडून मॅप, म्हणजे ईसीयूतली पेट्रोल आणि स्पार्कची कोष्टकं, लॅपटॉपवर सुधारून घ्यायचा? आमचा कौल पान्याकडे, म्हणजे आधी मोजमापाकडे. गळका इंजेक्टर मॅपमध्ये पेट्रोल कमी करून झाकता येतो. पण तो गळतच राहतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतो आणि रिंगा खातो.

दोष कुठल्या बाजूला आहे याचा पहिला अंदाज वेळेवरून येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी अडते, पण गरम असताना लगेच लागते, तर संशय मॅपवर. उलट सकाळी ठीक आणि गरम इंजिन वीसेक मिनिटं बंद ठेवल्यावर अडते, तर बहुधा हार्डवेअर. याला एक अपवाद लक्षात ठेवा: बॉनेटखालच्या उष्णतेने एअर टेम्परेचर सेन्सर तापतो, ईसीयूला हवा विरळ वाटते आणि तो पेट्रोल कापतो. ही दुरुस्ती मॅपमधलीच.

पान्याच्या बाजूला सुरुवात बॅटरीपासून. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. बॅटरी डिकीत हलवलेल्या गाड्यांत हे फार आढळतं.

मग फ्युएल प्रेशर. रिटर्न लाइनच्या, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या सिस्टिममध्ये प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाइप काढून साधारण 3 बार मिळावं. खरी माहिती मिळते ती इंजिन बंद केल्यावर. काटा भराभर पडत असेल तर पंप पुन्हा चालवून प्रेशर भरा, पंप बंद होताच रिटर्नचा रबरी पाइप क्लॅम्पने दाबा. प्रेशर टिकलं तर रेग्युलेटर गळतोय. नाही टिकलं तर तसंच करून फीडचा, म्हणजे पंपाकडून येणारा पाइप दाबा. आता टिकलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) गेलाय. दोन्ही एकाच वेळी दाबूनही काटा पडतो आणि बाहेर कुठे ओल नाही, तर इंजेक्टर. नायलॉनचा पाइप कधीही दाबू नका, तो चिरतो. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच.

कॉम्प्रेशन टेस्ट इथे फसवते. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणून निरोगी इंजिनही कमी आकडा दाखवतं. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून तपासा आणि सिलिंडरांमधला फरक बघा. आकडे सगळीकडेच कमी असतील तर लीकडाउन टेस्टशिवाय (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजणं) इंजिन उघडायला परवानगी देऊ नका.

लॅपटॉपच्या बाजूला पेट्रोलच्या टेबलाआधी ट्रिगर, म्हणजे क्रँक सेन्सरकडून ईसीयूला येणारा सिग्नल पाहायचा. सेल्फ मारताना लॉगमध्ये आरपीएम 150 ते 250 च्या दरम्यान स्थिर दिसायला हवेत. शून्यावर उड्या मारत असतील तर क्रँक सेन्सरचं अंतर, शिल्डिंग आणि व्हीआर (चुंबक आणि कॉइलचा, दोन वायरींचा) सेन्सर असल्यास त्याच्या दोन वायरींची पोलॅरिटी तपासा. मग टायमिंग लाइट लावून ईसीयू सांगतो तेच टायमिंग पुलीवर येतंय का, याची खात्री करा.

त्यानंतर क्रँकिंग पल्स, म्हणजे सेल्फ मारताना इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते. 240 सीसीचे इंजेक्टर काढून 440 चे लावले, तर पल्स सरळ 55 टक्क्यांवर आणणं चूक आहे. इंजेक्टर उघडायला लागणारा डेड टाइम आधी वजा करावा लागतो. जुना पल्स 10 मिलिसेकंद आणि कमी व्होल्टेजला डेड टाइम 1.5 धरला, तर 8.5 चे 55 टक्के अधिक 1.5, म्हणजे सुमारे 6.2. नव्या इंजेक्टरचा डेड टाइम वेगळा असेल तर शेवटी तो मिळवायचा. त्यात ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं, आणि इथेनॉल थंडीत नीट वाफ होत नाही. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप महाबळेश्वरच्या पहाटे अडला तर नवल नाही.

प्लग काढून बघा: ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. ओल्या इंजिनला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की फ्लड क्लिअर चालू असलेला ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो.

प्रेशर आणि व्होल्टेज ठीक निघाले तरच ट्यूनरला पैसे द्या, आणि देण्याआधी गाडी रात्रभर ठेवून घेणार का हे विचारा. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) तापलेल्या इंजिनात कोल्ड स्टार्ट जुळवता येत नाही. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं, म्हणून या कामाला तीन-चार सकाळी तरी लागतात.