भंडारदरा: पाण्याकाठचा तंबू, बाराही महिने
तंबू घ्यायचा तर शेंडी गावाच्या गर्दीत नको, मुरशेत-पांजरे बाजूला घ्या. जलाशय अगदी पुढ्यात. तंबूभोवती चर खणलाय का, एवढं आधी बघा. नसेल तर पावसाचं पाणी आत शिरून अंथरूण भिजतं. डिसेंबरात पातळ चटई पुरत नाही, जमिनीचा गारवा थेट पाठीत उतरतो. जाड सतरंजी मागून घ्याच.

काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, हिरडा-बेहड्यावर. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, फ्लॅश पूर्ण बंद. उजेडानं नर-मादीची चमकण्याची खूणच हरवते, तेवढी दया करा.

१,६४६ मीटरचं कळसूबाई बारी गावातून पहाटे ५ला सुरू करावं. सांदण दरी पावसाळ्यात वर्ज्य: पाणी अचानक चढतं, कडेला सरकायला जागा नाही.