गांडूळ खताचा अर्क: टोमॅटो, काकडी आणि मेथीवर वापरल्यानंतरचा अनुभव

खरिपाच्या टोमॅटोपासून उन्हाळी काकडीपर्यंत गांडूळ खताचा अर्क सलग वापरला. शेत नाशिकजवळच्या गिरणारे पट्ट्यात, जमीन मध्यम काळी, सगळं ठिबकवर.

दुकानात सरसकट सगळंच ‘व्हर्मीवॉश’ म्हणून विकतात, म्हणून आधी हे सांगतो. गांडुळांच्या बेडखाली (खत तयार होतं त्या वाफ्याखाली) झिरपून साचणारं पाणी वेगळं. त्यात अर्धवट कुजलेल्या शेणाचा अंश उतरतो. मी वापरतो तो पूर्ण तयार, चाळलेल्या खताचा अर्क. २०० लिटरचा ड्रम, १० किलो खत गोणपाटात बांधून आत सोडलेलं आणि २४ तास हवेचा पंप चालू. पाणी विहिरीचं. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर क्लोरीन जिवाणू मारतो. पंप बंद केला की अर्क त्याच दिवशी संपवायचा. चांगल्या अर्काला ओल्या मातीचा वास येतो. बाजारातून आणलेल्या एका कॅनला सडका वास होता. तो मी पिकाला घातलाच नाही.

टोमॅटोची लागवड झाल्यावर रोपं धरली तशी आळवणी (मुळाशी अर्क ओतणं) सुरू केली आणि दोन ओळी मुद्दाम कोऱ्या, म्हणजे बिनअर्काच्या ठेवल्या. फरक सगळ्यात आधी मुळीत दिसला. रोप उपटून पाहिलं तर पांढरी मुळी दाट, माती मुळांना चिकटून येत होती. नांग्याही (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) कमी भराव्या लागल्या. माल निघाला तेव्हा मात्र क्रेटमध्ये डोळ्यात भरेल असा फरक नव्हता, कारण दोन्हीकडे खतांचा डोस सारखाच होता.

हा डोस बंद करून फक्त अर्कावर टोमॅटो काढा, असं कोणी सांगत असेल तर साधा हिशोब करा. गांडूळ खतात नत्र साधारण १ ते दीड टक्का. म्हणजे १० किलोत १०० ते १५० ग्रॅम, तेही सगळं पाण्यात उतरत नाही. संकरित टोमॅटोला एकरी नत्र किलोंमध्ये लागतं. अर्क मुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना बळ देतो, पिकाचं पोट भरायला शेणखत आणि खतं लागतातच.

ढगाळ हवेत करपा आला तो कोऱ्या ओळींवर आणि अर्काच्या ओळींवर सारखाच. बुरशीनाशक घ्यावंच लागलं. तांबेयुक्त औषधात अर्क मिसळू नका, आतले जिवाणू जातात.

मेथी-कोथिंबिरीबाबत मी फार काटेकोर आहे. अर्कात गूळ टाकायची पद्धत सर्रास आहे, पण गुळावर चांगल्या जिवाणूंबरोबर ई. कोलायसारखे घातक जिवाणूही वाढू शकतात, आणि कोथिंबीर लोक कच्ची खातात. त्यामुळे पालेभाजीला बिनगुळाचा अर्क, तोही पेरणीनंतर सुरुवातीलाच आणि फक्त मातीत. पानांवर अजिबात नाही.

काकडीला ठिबकमधून दिला. नुसत्या फडक्यातून गाळून भागत नाही, ड्रिपर चोंदतात. फडक्यानंतर १२० मेशचा फिल्टर हवाच, आणि शेवटी थोडा वेळ साधं पाणी सोडायचं.

घरी जनावरं आणि बेड असतील तर खर्च पंपाचा आणि विजेचा, तेव्हा जरूर करा. खत विकत आणून एकरभर करायचं असेल तर मी आधी रोपवाटिकेपुरतं करून बघा म्हणेन. आणि आपल्याकडे थंडीत गांडुळं मंदावतात, खत उशिरा तयार होतं. रब्बीसाठी लागणारं दिवाळीआधीच चाळून सावलीत ओलसर ठेवा.