फोल्डिंग मच्छरदाणी, आठ महिने वापरून: जाळी झकास, चेन भिकार

परवा रात्री दोन वाजता आई बाथरूमला उठली आणि मच्छरदाणीच्या चेनचा रनर तिच्या हातात आला. म्हणून आज लिहायला बसलो. नाहीतर फेब्रुवारीत घेतली तेव्हाच आठवड्याभरात पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो. ते स्टार मागे घेता येत नाहीत, म्हणून हे.

आम्ही जुन्या सांगवीत राहतो. थंडी सरत आली की मुळेवर जलपर्णी इतकी माजते की खाली नदी आहे हे आठवावं लागतं, आणि संध्याकाळी सहाला दार उघडं राहिलं तर रात्र वाया. इतकी वर्षं दोन्ही खोल्यांत लिक्विडची मशीनं आणि गॅलरीत कॉइल चालायची. महिन्याला सव्वादोनशे रुपये धुरात, अक्षरशः. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण (पीएम २.५) सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आहे. घरात कोणी बिडीसुद्धा ओढत नाही आणि आम्ही हौसेने हे पेटवतो.

लिक्विडला धूर नाही म्हणून मी निर्धास्त होतो. एकदा बाटली उलटी करून वाचली: ट्रान्सफ्लुथ्रिन १.६ टक्के. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात मिळणाऱ्या कीटकनाशकाचा हा कारखान्यातला भाऊबंद, किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतो. नोंदणीकृत आहे, सांगितल्याप्रमाणे वापरायला परवानगी आहे, मान्य. पण आमच्याकडे खिडक्या गच्च बंद, मशीन चार वर्षांच्या मुलीच्या उशाशी, रोज दहा तास. हे कुठल्या सूचनेत बसतं? पाकिटावर नोंदणी क्रमांकच नसलेल्या डासांच्या अगरबत्त्या तर हातातही धरू नका. कीटकनाशकाला १९६८ च्या कायद्याने नोंदणी लागते.

तर मच्छरदाणी. सहा बाय सहा, ८९९ रुपये. घेताना एकच बघितलं, जाळी साधी हवी. काही जाळ्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात तशा हव्यातच, पण मी औषध कमी करायला निघालो होतो, विकत आणायला नाही. जाळी खरंच चांगली निघाली. आठ महिन्यांत एक भोक नाही, धुतल्यावर तासाभरात वाळते. पंख्याचा वारा थोडा अडतो. एप्रिलमध्ये शिव्या घातल्या, मग सवय झाली.

आता चेन. दोन्ही बाजूंना एकेक, प्लॅस्टिकची, आणि खालच्या कोपऱ्यात तिला जे वळण दिलंय तिथे दर वेळी जाळीची कड रनरमध्ये अडकते. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने ओढायचं. मध्यरात्री, अंधारात, झोपेत, हे कोण करणार? आई रात्रीत तीनदा उठते. जुलैत डावी बाजू गेली. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं, वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही. मच्छरदाणीची चेन न वापरता मच्छरदाणी कशी वापरायची, हे विचारलं. त्यावर काही आलं नाही.

शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने टोकाची शिलाई उसवली, धातूचा रनर चढवला, मेणबत्ती घासली आणि चाळीस रुपये घेतले. "ह्या सगळ्या इथंच जातात, साहेब." तेव्हापासून डावी बाजू लोण्यासारखी चालते. परवा गेली ती उजवी, मूळची. म्हणजे वर भिकार म्हटलं ते कंपनीच्या रनरला. चेनच्या दात्यांना दोष नाही. चार रुपये वाचवायला त्यांनी प्लॅस्टिकचा रनर घातला असणार. तरी हिशेब घाला: ९३९ रुपये खर्च, आठ महिन्यांच्या रिफिली-कॉइलचे अठराशे.

मुलीचा सकाळचा खोकला कमी झालाय. मच्छरदाणीमुळेच, असं छातीठोकपणे नाही सांगणार. मधे पावसाळा गेला, हवाही बदलली.

आणि हो, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, रात्रीच्या जाळीने तो थांबत नाही. त्यासाठी खिडक्यांना जाळ्या आणि आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून सगळं कोरडं करायचं. आमच्याकडे अळ्या कुंडीत नव्हत्या, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये होत्या. बघा जरा.

लिक्विड पूर्ण सुटलेलं नाही. सात ते नऊ आईच्या मालिका असतात, तेव्हा हॉलमध्ये एक मशीन लागतंच. त्यावरून भांडून झालंय. आता खिडकी उघडी ठेवण्यावर तडजोड आहे.

उजव्या बाजूचा रनर रविवारी बदलून आणेन. तोवर ती बाजू कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केली आहे. सात लागतात.