आठ महिने तीन डॅक वापरल्यावर: आरएमई, होलो मे आणि कॉर्ड डेव्ह

डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा अँपला लागणारा विजेचा सिग्नल करणारं यंत्र. त्यांतल्या तिघांबद्दल पहिल्या महिन्यातच हे लिहायला बसलो असतो, तर ‘होलो मे सगळ्यांत पुढे, डेव्ह त्याच्या मागोमाग, आरएमई तिसरा’ असं ठामपणे लिहून मोकळा झालो असतो. ते मत आता माझं राहिलेलं नाही. कसं बदललं ते सांगतो, कारण या किमतीच्या यंत्रांमधून निवड करणाऱ्याला माझ्या शेवटच्या निवडीपेक्षा तिथवरचा रस्ता जास्त उपयोगी पडेल.

आरएमई एडीआय-२ डॅक एफएस माझा स्वतःचा. होलो ऑडिओचा मे एका मित्राचा. घर बदलायच्या गडबडीत त्याने तो माझ्याकडे आणून ठेवला आणि बजावलं, “बंद ठेवू नकोस, वाजवत राहा.” कॉर्डचा डेव्ह दुसऱ्या मित्राने तीन महिन्यांसाठी दिला. त्यामुळे बरेच आठवडे तिन्ही यंत्रं एकाच प्रीअँपला (कोणता स्रोत ऐकायचा आणि आवाज किती ठेवायचा हे ठरवणाऱ्या पेटीला) जोडलेली होती आणि मला फक्त इनपुटचं बटण फिरवायचं होतं.

तिघांची घडण एकमेकांपासून फार वेगळी आहे, म्हणून तर तुलनेचा एवढा मोह झाला. आरएमईत नेहमीची डेल्टा-सिग्मा पद्धतीची चिप आहे: मोजक्या बिटांचा पण प्रचंड वेगाने बदलणारा सिग्नल तयार करायचा आणि त्यातला गोंगाट कानांच्या मर्यादेपलीकडे ढकलायचा. (२०२० साली जपानमध्ये एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चिप मिळेनाशा झाल्या आणि त्यानंतर आरएमईने या यंत्रात ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घातली. म्हणजे नाव तेच असलं तरी आतली चिप या दोन्हींपैकी कोणत्याही कंपनीची असू शकते. जुना घेणार असाल तर विचारून घ्या.) मेमध्ये अशी तयार डॅक चिपच नाही. तिथे आहे दोनच मूल्यांच्या (ओहमच्या) रेझिस्टरांची शिडी, म्हणजे आर-टू-आर. ऐकायला सोपं वाटतं, पण २ व्होल्टच्या आउटपुटवर सीडीच्या १६ बिटांची एक पायरी साधारण ८६ मायक्रोव्होल्टची, आणि २४ बिटांची तर मायक्रोव्होल्टच्या एक तृतीयांशाएवढी. सगळ्यांत वरच्या पायरीचा रेझिस्टर ०.०१ टक्क्याने चुकला, तरी चूक सीडीच्या तीनेक पायऱ्यांएवढी होते. म्हणून अशा यंत्रांत शिडीच्या जोडीला चूक भरून काढणारी वेगळी सोय करावी लागते. डेव्हमध्येही तयार डॅक चिप नाही. तिथे एफपीजीए, म्हणजे हवं ते काम शिकवता येणारी चिप आहे आणि त्यावर रॉब वॉट्स यांनी लिहिलेला १,६४,००० टॅपचा (टॅप म्हणजे हिशेबातली एक पायरी; जितके जास्त, तितका फिल्टर लांब) फिल्टर चालतो. डिजिटल फाइलमध्ये आवाजाचे ठरावीक क्षणांचे नमुनेच असतात; दोन नमुन्यांच्या मधला सिग्नल अचूक काढायचा तर गणिताने अनंत लांबीचा फिल्टर लागतो. तेवढा लांब कुणालाच करता येत नाही, म्हणून जमेल तेवढा लांब करायचा, असा त्यामागचा विचार.

आता पहिल्या महिन्याचं मत. मे लावला की गाणं समोर येऊन बसायचं. आवाजाला अंग यायचं, तबल्याचा ठेका जास्त भरीव वाटायचा. आरएमईवर परत आलं की सगळं दोन पावलं मागे सरकल्यासारखं. मी घरात येईल त्याला बसवून ऐकवायचो आणि सगळे मान डोलवायचे.

मग एका संध्याकाळी मल्टीमीटर काढला. बॅलन्स्ड (तीन पिनांच्या जोडणीच्या) आउटपुटला ४ व्होल्ट हा सर्वसाधारण रिवाज आहे, मेचं आउटपुट त्याहून जास्त आहे. माझ्या जोडणीत फरक जवळपास ३ डेसिबलचा निघाला. ३ डेसिबल म्हणजे अँपकडून दुप्पट वॅट. इतके दिवस मी ‘अंग’ आणि ‘भरीवपणा’ म्हणून ज्याचं कौतुक करत होतो, त्यातला मोठा भाग म्हणजे केवळ थोडा मोठा आवाज होता. फसवणूक होते ती इथेच, कारण एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही. तो ‘जवळचा’, ‘स्वच्छ’, ‘जिवंत’ म्हणून कळतो. अर्ध्या डेसिबललाही हे होतं.

त्यानंतर पातळी जुळवल्याशिवाय मी एकही तुलना केली नाही. पद्धत अगदी साधी. १०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवायचा, स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटर एसीवर लावायचा आणि प्रत्येक डॅकसाठी आकडा २.८३ व्होल्टवर आणायचा. ८ ओहमच्या स्पीकरला हा बरोबर एक वॅट होतो. २.८० ते २.८६ मध्ये आलं की फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. बरेच जण १००० हर्ट्झचा सूर वापरतात, पण साधे मल्टीमीटर तितक्या वर जाऊन चुकीचा आकडा दाखवू शकतात, म्हणून मी खाली राहिलो. मीटर लावताना दोन टोकं एकमेकांना टेकणार नाहीत एवढं मात्र जपा, अँप जाईल.

पातळी जुळली आणि तीन यंत्रांमधलं अंतर एकदम आक्रसलं. ते पूर्ण गेलं नाही, पण इतकं कमी झालं की पहिल्या महिन्यातल्या माझ्या वहीतली निम्मी वाक्यं मी खोडून टाकली.

दुसरी चूक डेव्हने दाखवून दिली. त्याच्या गोल काचेच्या पडद्यावर आत येणाऱ्या सिग्नलचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने, दिसतो. मी सीडीवरून काढलेल्या फायली वाजवत होतो, म्हणजे तिथे ४४.१ दिसायला हवं, आणि पडद्यावर शांतपणे ४८ लिहिलेलं. संगणकाचा मिक्सर मधे बसून प्रत्येक गाणं ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलत होता. डेव्ह येईपर्यंतचे सगळे दिवस हेच चालू असणार. आरएमईच्या पडद्यावरही हा आकडा पाहता येतो, मीच कधी पाहिला नव्हता. प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडवर (मिक्सरला वगळून थेट डॅककडे पाठवणाऱ्या सोयीवर) टाकला, आकडा ४४.१ झाला. नवा डॅक आणला की पहिल्या दिवशी हे तपासा. लाखभर टॅपच्या फिल्टरला संगणकाने आधीच चिवडलेला सिग्नल द्यायचा, यात काही अर्थ नाही.

या दोन दुरुस्त्यांनंतरचं ऐकणं मी खरं धरतो.

डेव्ह आणि आरएमई यांच्यात, पातळी जुळवून आणि कोणता चालू आहे हे न बघता, मला भरवशाने फरक सांगता आला नाही. मित्र इनपुट बदलायचा, मी पाठ करून बसायचो. पियानोचा सूर विरत जातो त्याचं शेवटचं टोक, तबल्याच्या चाटीवरचा तडक बोल, मैफलीच्या ध्वनिमुद्रणातल्या टाळ्या, सगळं लावून पाहिलं. टाळ्यांवर माझा फार भरवसा होता. शेकडो हातांचे वेगवेगळे क्षण त्यात असतात आणि यंत्र ढिलं असेल तर टाळ्यांचा पाऊस होऊन जातो. दोन्हींवर हात वेगवेगळे ऐकू येत होते. एकदा-दोनदा ‘हा डेव्ह, आवाजाला खोली जास्त आहे’ असं मी म्हटलं, आणि त्यातल्या एका वेळी आरएमईच चालू होता. डेव्हबद्दल माझ्या मनात आदर आहे, एवढ्याशा पेटीतलं ते फार विचाराने केलेलं काम आहे. पण माझ्या खोलीत, माझ्या कानांना, तो आरएमईपासून वेगळा काढता आला नाही.

मेचं तसं नव्हतं. ओव्हरसॅम्पलिंगवर (मूळ नमुन्यांच्या मधे गणिताने आणखी नमुने भरण्यावर) ठेवला की तोही याच दोघांत मिसळून जायचा. पण एनओएसवर, म्हणजे कोणतंही ओव्हरसॅम्पलिंग न करता चालवला, की बहुतेक वेळा मी त्याला ओळखायचो. आणि ओळखायचो तानपुऱ्यावरून. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात तार छेडल्यावर वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात आणि त्यांच्या अगदी वरच्या टोकाला एक बारीक चकाकी असते. आरएमईवर ती चकाकी सुईच्या टोकासारखी. मे एनओएसवर तीच चकाकी जरा मऊ, कापडातून गाळल्यासारखी. जुन्या ध्वनिमुद्रणांत, जिथे वर टेपची खरखर असते, तिथे हा मऊपणा फार सुखाचा वाटायचा. रात्री दोन-दोन तास ऐकूनही कान शिणायचे नाहीत. टाळ्या मात्र एनओएसवर थोड्या एकमेकांत मिसळायच्या.

याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या एनओएस डॅकमध्ये प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, आणि त्या धरून ठेवण्यानेच वरची पट्टी उतरते: १० किलोहर्ट्झला साधारण पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला ३ डेसिबलच्या थोडं वर. शिवाय २२.०५ किलोहर्ट्झच्या पलीकडे मूळ सिग्नलच्या प्रतिमा शिल्लक राहतात. त्या कानाला ऐकू येत नाहीत, पण अँप आणि ट्वीटरपर्यंत पोचतात.

मग मनात आलं, हा मऊपणा शिडीचा की उताराचा? आरएमईत पाच पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे हव्या त्या हर्ट्झला आवाज हवा तेवढा चढवता-उतरवता येतो. शेवटची पट्टी शेल्फवर (एका हर्ट्झपासून वरचं सगळंच उतरवणाऱ्या प्रकारावर) टाकून १० किलोहर्ट्झपासून वर तसाच उतार दिला. हुबेहूब तोच वक्र जमत नाही, पण बराच जवळ जातो. पुन्हा पाठ करून बसलो, पुन्हा तोच तानपुरा. या वेळी माझी उत्तरं नाणेफेकीइतकीच बरोबर येऊ लागली. मित्राला खरं वाटेना. तो स्वतः बसला, त्याचंही तेच झालं. यंत्र त्याचं, म्हणून त्याला जरा वाईट वाटलं हे मला दिसत होतं. पण मला वाईट वाटण्यासारखं यात काही वाटत नाही. मे जे करतो ते सुंदरच आहे, आणि तो ते कोणतीही मांडामांड न करता करतो. फक्त ते कुठून येतं हे आता मला माहीत आहे.

या इक्वलायझरच्या नादात घडलेली दुसरी गोष्ट मात्र सगळ्या डॅकच्या फरकांपेक्षा मोठी निघाली. माझी खोली ४.२ मीटर लांब आहे. एवढ्या लांबीला ४१ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. मोजमापाचा माइक लावला तर बसण्याच्या जागी तिथे डोंगरच उभा होता. बायाँची घुमक लांबत जायची, पुढचा बोल तिच्याखाली दबायचा, आणि मी डॅक बदलून ‘खर्ज घट्ट’ करायला निघालो होतो! ४१ हर्ट्झला अरुंद पट्टी घेऊन ८ डेसिबल खाली ओढलं. बायाँवरची मींड सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. ही सोय मे किंवा डेव्हमध्ये नाही. तिथे प्लेअरमध्ये वेगळं काही तरी बसवावं लागतं.

रोजच्या वापरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एका जोडणीत मधेच बारीक किरकिर सुरू व्हायची. बरेच दिवस मी डॅकवरच संशय घेतला. लॅपटॉप चार्जरवर असेल तेव्हाच ती येते हे उशिरा लक्षात आलं, म्हणजे यूएसबीच्या वायरीतून ग्राउंड लूप होत होता (अर्थिंगच्या दोन वाटांमधून नको ती वीज फिरत होती). ऑप्टिकल केबल लावली, विजेचा संबंधच तुटला आणि किरकिर गेली. मे दोन पेट्यांचा आहे, वीजपुरवठा वेगळ्या पेटीत. जड आहे, रॅकचा एक पूर्ण कप्पा अडवतो. रिमोटवर रोज हात जातो, आणि आरएमईचा रिमोट आणि आवाजाची खुंटी माझ्या फार सवयीची झाली आहे. प्रीअँप न लावता थेट पॉवर अँप चालवायचा असेल तर आरएमई आणि डेव्ह चालतात. तापवून ठेवल्याने किंवा शेकडो तास वाजवल्याने आवाज उलगडतो असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात टिपून ठेवलेले तुकडे मी सहाव्या महिन्यात त्याच पातळीवर पुन्हा ऐकले, मला काही बदललेलं ऐकू आलं नाही.

हल्लीची मोठ्या आवाजात मास्टर केलेली गाणी ऐकत असाल तर प्लेअरचा आवाज ३-४ डेसिबल खाली ठेवून पाहा. दोन नमुन्यांच्या मधलं शिखर कमाल पातळीच्या वर जातं आणि काही डॅकमधला फिल्टर तिथे कापतो. २४ बिटांत एवढं उतरवल्याने ऐकू येण्यासारखं काही हरवत नाही.

डेव्ह परत गेला, मे गेल्या आठवड्यात मित्राच्या नव्या घरी पोचला. उचलायला दोघं लागलो. माझ्याकडे आरएमई राहिला आहे, आणि त्याच्या इक्वलायझरचे दोन संच मी जपून ठेवले आहेत. दोन्हींत ४१ हर्ट्झची कापणी आहेच. दुसऱ्यात तो वरचा उतारही आहे, जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी. रात्री तानपुरा सुरू झाला की हात आपोआप दुसऱ्यावर जातो.